वेगळं राहतोय म्हणून घटस्फोट मागायचाय, पण आपलंच वागणं आडवं येईल का? पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

"पाच वर्षं झाली वेगळे राहतोय, आता तर घटस्फोट मिळायलाच पाहिजे ना?" हा प्रश्न फार लोक विचारतात, आणि त्याच्या मागोमाग जरा खालच्या आवाजात दुसरा येतो, की माझं बाहेर एक प्रकरण होतं किंवा मीच तिला घरात घेतलं नव्हतं, मग ती यावरून घटस्फोट अडवू शकते का. कधी उलटंही असतं, नवरा दुसरीबरोबर राहतोय, खर्चाला एक पैसा देत नाही आणि वर त्यानेच केस टाकलीय, तर आपण काय करायचं असं बायको विचारते.

थोडक्यात उत्तर असं की आपल्याकडे "वेगळं राहणं" हे एकच कारण नाहीये, कायद्यात त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि गैरवर्तन आडवं येणार की नाही हे तुम्ही कुठल्या प्रकारातून चाललाय त्यावर ठरतं. म्हणून वकिलाकडे जायच्या आधी हे डोक्यात स्पष्ट करून घ्या, नाहीतर चुकीच्या कलमाखाली केस टाकून तारखांवर तारखा घेत बसाल.

पायरी १: तुमच्या लग्नाला कायदा कुठला लागतो ते बघा

खाली जे लिहिलंय ते हिंदू विवाह कायदा १९५५ धरून आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळे यात येतात. आदिवासी म्हणजे अनुसूचित जमातीतले असाल तर मात्र हा कायदा सरसकट लागत नाही, तिथे आधी वकिलाला विचारा. रजिस्टर लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं असेल तर कलमांचे नंबर वेगळे आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे कायदे वेगळे. आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनचा वेगळाच कायदा चालतो, त्यामुळे गोव्यात लग्न नोंदवलेल्यांनी तिथल्याच वकिलाला गाठावं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो कारण यात फार लोक फसतात. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. समाजात रूढीने फारकत चालत असेल तर कायदा ती मानतो (कलम २९ मध्ये तशी सोय आहे) पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, नुसतं "आमच्यात असंच चालतं" म्हणून भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरू शकतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होऊ शकतो, आणि पुढे पहिल्या लग्नाच्या घटस्फोटासाठी कोर्टात गेलात की समोरची बाजू हेच तुमचं गैरवर्तन म्हणून पुढे ठेवते.

पायरी २: तुमचं वेगळं राहणं कुठल्या प्रकारातलं आहे ते ठरवा

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे म्युच्युअल, कलम १३-ब. एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहताय, एकत्र राहणं जमत नाही आणि दोघांनाही लग्न मोडायचंय एवढं पुरे. इथे कोणाचं बाहेर काय होतं, कोणी कोणाला घराबाहेर काढलं याची चौकशी कोर्ट करत बसत नाही, संमती खरी आहे ना, जबरदस्तीने किंवा फसवून सही घेतलेली नाही ना, एवढंच बघतं. म्हणजे गैरवर्तन इथे आडवं येत नाही. एका छताखाली राहूनसुद्धा "वेगळे" असू शकता, नवराबायको म्हणून राहत नसलात म्हणजे झालं, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. त्याच निकालात असंही आहे की शेवटच्या हुकुमापर्यंत दोघांतला कोणीही संमती मागे घेऊ शकतो, तेव्हा पहिल्या तारखेला सही झाली म्हणून पेढे वाटू नका. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ पासून सगळ्या गोष्टी मिटलेल्या असतील, समेटाची आशा नसेल आणि आधीच पुरेसा काळ वेगळं राहून झालं असेल तर कोर्ट ते सहा महिने माफ करू शकतं.

ज्याच्या हातून चूक झालीय अशा माणसाला माझा पहिला सल्ला कायम हाच असतो, की म्युच्युअलला समोरची बाजू तयार होते का ते मनापासून बघा, पोटगी आणि मुलांचं नीट ठरवा. चूक तुमची असताना लढाईत उतरलात तर ती चूक साक्षीपुराव्यात येते, उलटतपासणीत येते, आणि मुलं मोठी झाल्यावर त्यांच्याही वाचनात येऊ शकते.

दुसरा प्रकार परित्याग, म्हणजे एकाने दुसऱ्याला सोडून जाणं, कलम १३(१)(ib). केस टाकायच्या लगेच आधी सलग दोन वर्षं जोडीदाराने तुम्हाला सोडलेलं असलं पाहिजे. आणि इथे गैरवर्तन जबरदस्त आडवं येतं, कारण या कारणाची व्याख्याच अशी आहे की सबळ कारण नसताना आणि तुमची संमती नसताना सोडून गेलेलं असलं पाहिजे. मग तुम्हीच मारहाण केली असेल, दुसरी बाई घरात आणून ठेवली असेल, सासरच्यांनी जगणं नकोसं केलं असेल आणि ती माहेरी गेली असेल तर तिच्याकडे सबळ कारण आहे, तिने तुम्हाला सोडलं असं होतच नाही. उलट कायद्याच्या नजरेत सोडणारे तुम्ही. कोर्ट बघतं की घर का सोडावं लागलं, बॅग कोणी भरली याला तेवढी किंमत नाही.

२००१ सालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल अगदी असाच आहे. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध, बायको त्यामुळे वेगळी झालेली, आणि नवरा म्हणतो तिने मला सोडलं. बायको म्हणत होती तो तिला सोडत असेल तर मी नांदायला तयार आहे. नवऱ्याने मग असाही मुद्दा काढला की आता लग्नात काही उरलंच नाही, तर मोडून टाका. कोर्टाने दोन्ही नाकारलं, स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येणार नाही म्हणून. २००२ मध्ये एका बायकोच्या बाबतीतही तेच झालं, तिनेच नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही आणि परित्यागाचा दावा लावला, तिलाही घटस्फोट मिळाला नाही. म्हणजे हा नियम फक्त पुरुषांना लावतात असं अजिबात नाही.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो याच्याही आधीचा, मुंबईतला जुना खटला, हिंदू विवाह कायदा यायच्या आधीचा, मुंबई प्रांताच्या १९४७ च्या घटस्फोट कायद्याखालचा, तेव्हा परित्यागाला चार वर्षं लागायची. नवरा व्यापाराच्या कामाला विलायतेला गेलेला, परत आला तर बायकोने दुसऱ्या माणसाला लिहिलेलं पत्र हाती लागलं, त्यावरून खडाजंगी झाली आणि ती जळगावला माहेरी निघून गेली. ऐकायला वाटतं की चूक तिची, घर सोडलं तिने, नवऱ्याची केस पक्की. पण नंतर ती परत यायला निघाली तेव्हा नवऱ्याने तिकडे तार केली की तिला पाठवू नका. सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये (कायद्याच्या पुस्तकांत १९५७ चा म्हणून सापडतो) नवऱ्याला घटस्फोट नाकारला. नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, कायमचं सोडून जायचा इरादा सिद्ध व्हावा लागतो, आणि परत येऊ पाहणाऱ्या माणसाला तुम्ही दारातून हाकलत असाल तर तो इरादा सिद्ध होतच नाही. आजही परित्यागाच्या केसमध्ये वकील हा निकाल काढतात. आता तार गेली आणि व्हॉट्सॲप आलं, पण "परत येऊ नकोस, दार उघडणार नाही" असा एक मेसेज तुमच्या फोनवरून गेलेला असेल तर त्याचं वजन त्या तारेएवढंच आहे हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार लोकांना फारसा माहीत नसतो, कलम १३(१-अ). आधीच कोर्टाचा हुकूम झालेला असतो, एकतर न्यायिक विभक्ततेचा (लग्न कायम पण एकत्र राहायची सक्ती नाही) किंवा कलम ९ चा म्हणजे नांदायला येण्याचा. हुकमानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो, ज्याच्या विरुद्ध हुकूम झाला तोसुद्धा. आणि खरा वाद इथेच होतो, कारण याच कायद्यात कलम २३(१)(अ) बसलंय, की अर्ज करणारा स्वतःच्या गैरकृत्याचा फायदा घेत नाहीये याची कोर्टाने खात्री करून घ्यायची. मग ज्याने चूक केली त्यालाच वर्ष झालं म्हणून सुटका द्यायची का?

निकाल दोन्ही बाजूंना आहेत. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की परत नांदायला नुसता नकार, पत्रांना उत्तर न देणं एवढं म्हणजे गैरकृत्य नाही, घटस्फोट नाकारण्याइतकं गंभीर वागणं असलं पाहिजे. १९८४ मध्ये एका बायकोने आक्षेप घेतला की नवऱ्याने मुद्दाम संमतीने कलम ९ चा हुकूम होऊ दिला म्हणजे वर्षाने मोकळं होता येईल, तिचाही आक्षेप टिकला नाही. पण दुसऱ्या एका नवऱ्याने नांदायला येण्याचा हुकूम स्वतः मिळवला आणि बायको माणसं घेऊन दारात आली तर तिला आतच घेतलं नाही, त्याला घटस्फोट नाकारला गेला. आणि २००१ चा आणखी एक निकाल, कर्नाटकातून गेलेला, हा तर अशा प्रत्येक बायकोने वकिलाला दाखवावा. नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांमुळे बायकोला न्यायिक विभक्तता मिळालेली, हुकमानंतरही नवऱ्याने ते संबंध चालूच ठेवले आणि कोर्टाने ठरवलेली पोटगीही दिली नाही, मग काळ उलटला म्हणून घटस्फोट मागायला आला. सुप्रीम कोर्टाने दिला नाही. विभक्ततेच्या हुकमाने लग्न संपत नाही, जबाबदाऱ्या चालूच राहतात, आणि व्यभिचारात राहणं हे चालू असलेलं गैरकृत्य आहे असं कोर्टाने धरलं.

यातून एक गोष्ट घ्या, या प्रकारात भर असतो तो हुकमानंतर कसं वागलात यावर. ज्या चुकीमुळे हुकूम झाला ती जुनी चूक एवढ्याने वाट बंद होत नाही, ती तशीच पुढे चालू ठेवणं, पोटगी बुडवणं, दारात आलेल्याला हाकलणं, याने बंद होते. तर हुकूम झालेला असेल आणि पोटगी थकलेली असेल तर घटस्फोटाचा अर्ज टाकायच्या आधी ती भरा, आणि बँकेतून भरा, रोख देऊ नका, रोखीचा पुरावा राहत नाही.

उरला चौथा प्रकार, "नुसतीच वर्षं झालीत". दहा वर्षं, पंधरा वर्षं, काही हुकूम नाही, समोरचा संमती देत नाही. ऐकायला वाईट वाटेल पण नुसती वर्षं हे कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचं कारणच नाहीये. लग्न पूर्ण मोडलंय हे कारण कायद्यात घाला असं विधी आयोगाने १९७८ मध्ये आणि परत २००९ मध्ये सांगितलं, २०१३ मध्ये राज्यसभेत विधेयक पासही झालं, पण कायदा काही झाला नाही. मला स्वतःला हे लोकांवर अन्यायाचं वाटतं, कारण दोन्हीकडची माणसं यात अर्धं आयुष्य अडकून पडतात, पण बाईला पोटगीविना सोडून द्यायची पळवाट होऊ नये ही भीतीही खोटी नाही. सुप्रीम कोर्ट घटनेच्या कलम १४२ खाली असं लग्न मोडू शकतं, १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालात ते स्पष्ट झालं, सहा वर्षांपेक्षा जास्त वेगळं राहणं हा लक्षात घ्यायचा मुद्दा आहे असंही त्यात म्हटलंय. पण तो कोणाचा हक्क नाही आणि त्यासाठी थेट सुप्रीम कोर्टात अर्ज टाकता येत नाही, खालून केस लढत वर जावं लागतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्वदीला टेकलेल्या एका नवऱ्याला कोर्टाने नाही म्हटलं, बायको ऐंशीच्या पुढची आणि तिला घटस्फोटित म्हणून मरायचं नव्हतं.

खालच्या कोर्टात या प्रकारातले लोक बहुतेक "क्रूरता" या कारणाखाली जातात, कारण खूप लांबलेला दुरावा ही मानसिक क्रूरता धरता येते असे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, २०२३ मध्येच पंचवीस वर्षं वेगळं राहिलेल्या जोडप्याला तसा घटस्फोट मिळाला. पण कलम २३ तिथेही आहेच, दुरावा तुमच्यामुळे झाला असेल तर प्रश्न विचारला जाणारच.

पायरी ३: स्वतःची बाजू कागदावर उतरवा, खरी

एक वही घ्या आणि तारखा लिहा. लग्न कधी, शेवटचं एकत्र कधी राहिलात, कोण कधी गेलं, का गेलं, आणायला कोण गेलं होतं, काय बोलणं झालं, नोटीस कधी आली, पैसे कधी पाठवले. स्वतःच्या चुकाही लिहा. वकिलापासून लपवू नका, ती गोष्ट पहिल्यांदा उलटतपासणीत बाहेर आली तर वकीलही काही करू शकत नाही.

बायकोला ती जिथे राहते तिथल्या कोर्टात केस टाकता येते, बाकी लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा समोरचा जिथे राहतो ती ठिकाणं आहेतच. लग्नाला वर्ष झालं नसेल तर फार अपवाद सोडून अर्जच घेतला जात नाही. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकाकडे पाठवतात, तिथे आरडाओरडा करू नका, शांतपणे बोला, कित्येक म्युच्युअल तिथेच ठरतात.

पुराव्याचं सांगायचं तर मेसेज, फोटो, बँकेचे उतारे मूळ फोनसकट जपून ठेवा. नवराबायकोत चोरून केलेलं कॉल रेकॉर्डिंग अशा केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय, त्यामुळे रागात फोनवर काय बोलताय ते सांभाळा. जोडीदाराची चूक कळल्यावरही तुम्ही माफ करून परत संसार केला असेल तर तीच जुनी चूक नंतर उकरून काढणं अवघड जातं, कायदा त्याला माफी धरतो.

पायरी ४: केस तुमच्यावर आली असेल तर

समन्स आलं की घाबरून घरी बसू नका. कोर्टाला एकतर्फी केसमध्येही कलम २३ ची खात्री करून घ्यावीच लागते, पण तुमच्या बाजूने सांगायलाच कोणी नसेल तर कोर्टाला कळणार कसं? लेखी म्हणण्यात स्पष्ट लिहा की अर्जदार स्वतःच्या चुकीचा फायदा घेतोय, आणि ती चूक कुठली, कधीची, पुरावा काय. "तो वाईट आहे" एवढं लिहून चालत नाही. नांदायला तयार असाल तर तेही लिहा, पण खरंच तयार असाल तरच, कारण समोरचा उभा राहून म्हणेल चला आत्ताच, मग काय कराल? नांदायचं नसेल आणि तुम्हालाच तुमच्या कारणावर घटस्फोट हवा असेल तर त्याच केसमध्ये कलम २३-अ खाली उलट दावा करता येतो, वेगळी केस टाकायची गरज नाही.

बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, फोन १५१००. हा तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे, मागायला लाजू नका.

आणि अडवायच्या आधी एकदा विचार करा की अडवून हातात काय येणार. पोटगी आणि मुलांच्या खर्चासाठी वाटाघाटीत वजन राहतं म्हणून अडवणं समजू शकतं, पण निव्वळ त्याला सुख मिळू नये म्हणून बारा वर्षं तारखा करणाऱ्या बायका आणि पुरुष दोन्ही मी बघितलेत, त्यात दोघांचंही वय निघून जातं.

पायरी ५: पोटगीत गैरवर्तनाचं काय

घटस्फोट अडला नाही तरी वागणं इथे मोजलं जातं. कायमच्या पोटगीत (कलम २५) कोर्ट दोघांची कमाई, मालमत्ता आणि वागणूक बघतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं १२५, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला) बायको व्यभिचारात राहत असेल तर पोटगी मिळत नाही. सबळ कारण नसताना नांदायला नकार दिला तरी नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवऱ्याने कलम ९ चा हुकूम मिळवला एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप जात नाही, तिच्याकडे न जाण्याचं योग्य कारण आहे का ते बघायचं. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण अजूनही आहे, ही गल्लत फार होते. मुलांचा ताबा मुलांच्या हिताप्रमाणे ठरतो, आईबापाला शिक्षा म्हणून नाही.

अमेरिकेत वगैरे राहणाऱ्यांसाठी

तिकडे काही राज्यांत सरळ वेगळं राहण्यावर घटस्फोट मिळतो. नॉर्थ कॅरोलायनात, जिथे रॅली-कॅरी भागात आपली बरीच मंडळी आहेत, एक वर्ष वेगवेगळ्या घरात राहिलं आणि दोघांपैकी एकजण सहा महिने त्या राज्यात राहत असला की अर्ज करता येतो, कोणाची चूक होती यावरून तो घटस्फोट अडत नाही, चुकीचा हिशोब पोटगीत होतो. पण इकडे हिंदू पद्धतीने लग्न झालेलं असेल तर सांभाळा. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलंय की परदेशी घटस्फोट इथे मानायचा तर कारण आपल्या कायद्यात बसणारं हवं आणि समोरच्याने तिथल्या कोर्टाला स्वखुशीने मान्यता दिलेली हवी, किंवा घटस्फोटाला त्याची संमती हवी. पुण्यात राहणाऱ्या बायकोला टपालाने कागद पाठवून तिकडे एकतर्फी मिळवलेला घटस्फोट इथे टिकेल असं धरून दुसरं लग्न करू नका. दोघंही तयार असाल तर इथे म्युच्युअल करून घ्या.

हुकूम हातात पडल्यावर अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. समोरच्याने अपील केलंय का ते कोर्टातून तपासून घ्या, हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा, आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसऱ्या लग्नाची तारीख काढू नका.